काठ पुरत नाही

तेलगावात गोधडीच्या मधल्या भागावरून भांडण झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मध्ये काहीही चालतं. आजोबांचं धोतर, थोरल्याचा शाळेचा सदरा, धाकटीचा फ्रॉक, पाहुणा विसरून गेला आणि मागायला परत आलाच नाही असा टॉवेल, या सगळ्यांना मध्यभागी मानाची जागा मिळते. भांडण लागतं ते काठावरून. यात नवल काही नाही. शेताच्या मधोमध काय पेरलंय यावरून आमच्या भावकीत कुणी कुणाचं डोकं फोडत नाही. कापूस लाव, सोयाबीन लाव, नाहीतर पडीक ठेव, कुणी विचारायला येत नाही. बांध मात्र वीतभर सरकला की मोजणी येते, मोजणीमागून वकील येतो आणि वकिलामागून दोन पिढ्या तारखेला जातात. गोधडीच्या काठासाठी अजून कुणी कोर्टात गेलेलं नाही, कारण त्या खटल्याचा निकाल ओसरीवरच लागतो.

तसं तेलगाव मुळात काठावरचंच गाव. तालुका धारूर, जिल्हा बीड. चौकात उभं राहिलं की एक रस्ता वडवणीवरून बीडला जातो, दुसरा सिरसाळ्यावरून परळीला, तिसरा माजलगावला आणि चौथा धारूरच्या घाटाकडं. साखर कारखाना आमच्या बाजूला, पण नाव वर्षानुवर्षं माजलगावचं. पुढं त्याला 1978 साली राज्याचे उपमुख्यमंत्री झालेल्या सुंदरराव सोळंके यांचं नाव लागलं, तरी जुनी माणसं अजून ‘माजलगाव कारखाना’च म्हणतात आणि बसतात मात्र तेलगावच्या हॉटेलात. तेव्हा चार दिशांचे चार तुकडे एका जागी जोडायचे आणि जोड नेमका कुठं आला यावर दिवसभर बोलायचं, ही कला इथल्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही.

गोधडीचा मोसम म्हणजे उन्हाळा. शेतात काम नसतं, बाहेर पाय ठेववत नाही, लग्नसराईतून बाया मोकळ्या झालेल्या असतात. दुपारची जेवणं उरकली की ओसरीवर खाली एक अख्खं जुनं लुगडं अंथरायचं. त्यावर फाटक्या कापडांचे थर. त्यावर ठिगळांचा मांड. कापड सरकू नये म्हणून एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर पाट, तिसऱ्यावर बंद पडलेली इस्त्री आणि चौथ्यावर नातू. यातल्या पहिल्या तीन वस्तू जागच्या हलत नाहीत. त्यामुळे बहुतेक गोधड्या एका कोपऱ्याला किंचित तिरक्या असतात, आणि जाणकार माणूस त्या तिरकेपणावरून त्या साली घरात नातू केवढा होता हे सांगू शकतो.

मध्य असा आपोआप होतो. तिथं कुणी आराखडा काढत नाही. भोक दिसलं की तुकडा, तुकडा लहान पडला की शेजारी दुसरा. आमची मोठीमाय ठिगळं अशी टाकत जाते की तिला बघून वाटावं, ही काही ठरवत नाहीये. आणि ती खरंच काही ठरवत नसते. ठरवायचं सगळं तिनं काठासाठी राखून ठेवलेलं असतं.

कारण गोधडी मधून फाटत नाही, काठाला फाटते. मधल्या भागावर माणूस नुसता झोपतो. ओढाताण सगळी काठाची. पहाटे थंडी वाढली की एकीकडून नवरा ओढतो, दुसरीकडून पोरं. हनुवटीखाली धरायचा तो काठ, पायाच्या अंगठ्यानं आत खोचायचा तो काठ, दात येणाऱ्या बाळानं चावायचा तोही काठच. यातून जो वाचला त्याची परीक्षा नवरात्राच्या आधी होते. घटस्थापनेपूर्वी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघायला हवं हा दंडक. भिजलेली गोधडी किती जड होते हे ज्यानं उचलली त्यालाच ठाऊक. तिला पिळायला दोघी लागतात. एक ह्या टोकाला, दुसरी त्या टोकाला, पाय रोवून, एकमेकींच्या उलट दिशेनं पीळ घालत मागं रेलतात. पाण्याचा सगळा भार चार मुठींत आलेल्या काठावर येतो. अशा वेळी काठ टिकला तर कुणी काही बोलत नाही. सुटला तर एक जण गोठ्याच्या दिशेनं आणि दुसरी रस्त्याच्या दिशेनं बसकण मारते, आणि तो काठ कुणाच्या लुगड्याचा होता याची चौकशी चिखलात बसूनच सुरू होते.

म्हणून शास्त्र सांगतं, काठाला घरातलं सगळ्यात दणकट कापड लावावं. शास्त्र बरोबर आहे. अडचण एवढीच की दणकट कापड म्हणजे जे अजून फाटलेलं नाही ते, आणि जे फाटलेलं नाही ते अजून कुणीतरी नेसतंय.

“आक्का, ते तुमचं जांभळं इरकल द्या की आता काठाला.”

“कामून? मी मेले का?”

इथं पहिल्या दिवशीचं कामकाज तहकूब होतं.

इरकलावर सगळ्यांचा डोळा असण्याला कारण आहे. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं हे लुगडं आमच्या भागात पिढ्यानपिढ्या नेसलं गेलं. त्याचं अंग सुती आणि काठ रेशमी किंवा आर्ट सिल्कचा, दाट विणीचा. अंग विरून त्यातून पलीकडचं दिसायला लागलं तरी काठ ताठ उभा असतो. गोमीचा काठ तर असा की लुगड्याच्या मालकिणीची तिसरी पिढी तो ओळखते. असा काठ गोधडीला लाभला की गोधडीचं नशीब उघडतं, आणि लुगडं देणारीचा हक्क गोधडीवर कायमचा चढतो. पुढची वीस वर्षं ती कुणाच्याही अंगावर असो, आक्का येता-जाता म्हणणार, “माझं लुगडं हाय ते. पाय जपून पसर.”

आक्का मानल्या नाहीत तर ओसरीवर पक्ष पडतात. पहिला पक्ष काठवाल्यांचा. यांना लुगड्याचाच काठ हवा, दुसरं काही लावलं तर त्यांच्या मते ती गोधडी नव्हेच, तो पायपुसण्याचा मोठा भाऊ. दुसरा पक्ष पट्टीवाल्यांचा. हे व्यवहारी लोक. चार बोटं रुंद साधी पट्टी कापा, दुमडा, टाका घाला, उठा. चहा ठेवायचाय. तिसरा पक्ष कंगोरेवाल्यांचा. यात बहुधा घरातली नवी सून असते. ती लातूरकडून आलेली असते, तिच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये एक परदेशी बाई मोठ्या टेबलावर पांढराशुभ्र कपडा पसरून गोल सुरीनं फरसबी चिरावी तशा पट्ट्या कापत असते. चौथा पक्ष झालरवाल्यांचा, पण त्यांना कुणी विचारत नाही. झालर उशीच्या अभ्र्याला शोभते, गोधडीला लावली तर रात्री नाकात जाते.

सूनबाई व्हिडिओ पाहून सांगते, “आत्या, कोपरा पंचेचाळीस अंशात जोडायचा असतो.”

मोठीमाय सुईत दोरा ओवता ओवता म्हणते, “पंचेचाळीस अंश आमच्याकडं ऊन असतंय माय. कोपरा नसतोय.”

पण त्याच व्हिडिओनं एकदा ओसरीवर विचित्र प्रसंग उभा केला. परदेशी बाई सांगत होती की पट्टी कापताना गोधडीची कड मोजू नये, मधून मोजावं. कड हाताळून हाताळून ताणलेली असते. तिच्या मापानं पट्टी कापली तर पट्टी जास्त होते आणि गोधडी अंथरली की कडेला लाटा उठतात. मधून माप घ्यावं, तेवढीच पट्टी कापावी आणि सैल पडलेली कड त्या मापात हळूहळू जिरवत शिवत जावं. सूनबाईनं हे मराठीत करून सांगितलं तेव्हा मोठीमायनं मान वर केली. तिनं आयुष्यभर काठ कधी कडेला लावून मोजलेला नव्हता. लुगड्याचा काठ ती आधी गोधडीच्या पोटावरून आडवा टाकते, मग उभा टाकते, टोकाला दातानं खूण करते. “कड लबाड असती,” एवढंच तिचं म्हणणं. म्हणजे सातासमुद्रापलीकडची बाई आणि आमची मोठीमाय यांचं एकमत निघालं. या एकमतानं दोन्ही पक्ष नाराज झाले. सूनबाईला वाटलं, मग मी एवढा डेटा कशाला घालवला? मोठीमायला वाटलं, आपली गुपितं बाहेर गेली.

आता काठाचा हिशेब. नऊवारी म्हणजे नऊ वार, एका वाराचे तीन फूट, म्हणजे एका बाजूचा काठ 27 फूट. दोन माणसांची गोधडी सात फूट लांब आणि पाच फूट रुंद धरली तर चारी बाजू मिळून 24 फूट. चार कोपऱ्यांवर दुमडायला एकेक वीत, म्हणजे आणखी तीन फूट. बेरीज बरोबर 27. लुगडं आणि गोधडी एकाच माणसानं मोजून दिल्यासारखा हिशेब जुळतो. शिवाय लुगड्याला दुसरा काठ आहेच, तो अख्खा शिल्लक. हे गणित शाळेत घातलं तर पोरं उत्तर लिहितील, काठ पुरतो आणि 27 फूट उरतो. पैकीच्या पैकी मार्क.

ओसरीवर मात्र काठ पुरत नाही. दुसरा काठ कधीच संपलेला असतो. त्यातला काही टीव्हीच्या झाकणाला लागला, काही दाराच्या तोरणाला, थोडा पोळ्याला बैलाच्या झुलीला, थोडा सूनबाईच्या ब्लाउजच्या बाह्यांना, आणि उरलेला हात-दीड हात ‘कामाला येईल’ म्हणून पत्र्याच्या पेटीत असा जपून ठेवला की आता तो कुणालाच सापडत नाही. पहिला काठ, म्हणजे नेसताना खाली येणारा, टाचेपाशी घासून घासून दोऱ्यादोऱ्यानं सुटलेला असतो. तिथले चार फूट गेले. गोधडी उशाकडून शिवायला घेतात, तिकडून काठ फिरत फिरत येतो आणि पायथ्याच्या डाव्या कोपऱ्यापाशी येऊन संपतो. दरवेळी तिथंच. इतक्या नेमानं एसटीसुद्धा तेलगावच्या फाट्यावर थांबत नाही.

इथून पुढं खरी कारागिरी. आतापर्यंत जे झालं ते शिवणकाम होतं. चार फूट कमी पडल्यावर ओसरीवरच्या प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते आधी नसतं. पेट्या उघडतात. गाठोडी सुटतात. ज्यांनी दिवसभर “आमच्याकडं काही नाही” म्हणून सांगितलं त्यांच्याकडंही काहीतरी निघतं.

पहिला मान ब्लाउजपीसचा. लग्नातल्या आहेरात मिळणारं ब्लाउजपीस हे ब्लाउज शिवण्यासाठी नसतं, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. ते पुढच्या लग्नात द्यायचं असतं. वडवणीच्या लग्नात मिळालेलं सिरसाळ्याच्या लग्नात जातं, तिथून केजला, तिथून कुणाच्या तरी बारशात, आणि तीन वर्षांनी घडीच्या खुणेवर पिवळं पडून मूळ मालकिणीकडं परत येतं. त्याच्या या फिरतीला मोक्ष म्हणजे गोधडीचा काठ. तिथं लागलं की त्याला पुढं कुठं पाठवता येत नाही.

दुसरा मान टॉवेल-टोपीतल्या टॉवेलचा. तिसरा उपरण्यांचा. निवडणूक झाली की प्रत्येक घरात निरनिराळ्या रंगांची उपरणी साचतात, कारण सभा सगळ्यांच्या असतात आणि जेवण सगळीकडं बरं असतं. ही उपरणी अंग पुसायला नालायक, पाणीच टिपत नाहीत. पण काठाला चालतात. एका गोधडीच्या पायथ्याला दोन कट्टर विरोधी रंग एकमेकांत दुमडून शिवलेले पाहिले, तेव्हा वाटलं, हे काय, ह्यांचं तर मुंबईतही जमलं होतं. काठावर निदान टाका तरी पक्का आहे.

आता मोठीमायचा खरा सिद्धांत. पायथ्याच्या डाव्या कोपऱ्याला लाल ब्लाउजपीस लागलं. इरकलाच्या रांगेत ते लाल एकटं पडलं. बघणारा म्हणणार, काठ कमी पडला वाटतं. मोठीमाय हे कदापि म्हणू देत नाही. तिचं म्हणणं, “एका कोपऱ्याला लावलं की ठिगळ. दोन कोपऱ्यांना लावलं की नक्षी.” म्हणून ती पायथ्याच्या उजव्या कोपऱ्यातला चांगला, शिवून झालेला इरकलाचा काठ उसवते आणि तिथंही लाल लावते. आता दोन्ही बाजूंना सारखं दिसतं. आता कुणी कमी पडलं म्हणणार नाही, सगळे विचारतील की ही लाल कोपऱ्यांची रीत कुठली.

अडचण एवढीच की उसवलेला इरकलाचा तुकडा हातात उरतो, आणि तो हुबेहूब तेवढा असतो जेवढा डाव्या कोपऱ्याला कमी पडला होता. हे सगळ्यांना दिसतं. कुणी बोलत नाही. सूनबाई एकदा बोलायला गेली, तेव्हा मोठीमायनं तिला पाणी आणायला पाठवलं.

दोऱ्याची व्यवस्था या सगळ्यापेक्षा स्वस्त. आमचा भाग उसाचा आणि कापसाचा, घरात खताची पोती येतच राहतात. पोत्याच्या तोंडाला मशीनची साखळी टाक्याची शिवण असते. तिच्या दोन टोकांपैकी एक खरं आणि एक खोटं. खोटं टोक ओढलं तर गाठ घट्ट होते, नखं तुटतात, शेवटी कोयता काढावा लागतो. खरं टोक सापडलं तर अख्खी शिवण सर्रकन एका ओढीत सुटते आणि हातात दोन हात लांब, चिवट, पांढरा दोरा येतो. हे खरं टोक ओळखणारा माणूस गावात मानाचा. पोरं त्याच्याकडं पोतं घेऊन जातात. तो दोन्ही टोकं निरखून पाहतो, एकाला हात घालतो, आणि सर्रर्र आवाज होतो तेव्हा आजूबाजूला उभे असलेले आपलंच काम झाल्यासारखे सुटकेचा श्वास घेतात. तो दोरा दुहेरी करून, मेणबत्तीवरून फिरवून मोठ्या सुईत ओवला की काठाचा टाका तुटत नाही. आतले टाके रंगीत दोऱ्याचे, दिसायला देखणे. काठाला युरियाचा दोरा. देखणेपणा मध्ये आणि चिवटपणा कडेला, ही विभागणी शेतकऱ्याच्या घरात आपोआप सुचते.

काठाची ही करामत आमचीच आहे असं सांगून छाती फुगवायची सोय मात्र नाही. उत्तर कन्नडमधले सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांच्या बायका गोधडी कडेनं शिवायला घेतात आणि कडेकडेनं आत येत मध्याला संपवतात. चारी कोपऱ्यांना त्या घडी घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची फुलं लावतात. ती नसतील तर त्यांच्या मते गोधडी उघडी राहते. म्हणजे पांघरूणच उघडं पडण्याची चिंता करणारी माणसं जगात आहेत, आणि ती आमच्यापासून फार दूर नाहीत. तिकडं अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या लेकीसुना तिथं कामाच्या फाटक्या पँटी, सदरे, पोती जोडून गोधड्या शिवत आल्या. त्यांचा एक प्रकार असा की मध्ये एक तुकडा ठेवायचा आणि त्याच्या भोवती पट्ट्यांमागून पट्ट्या लावत सुटायचं. म्हणजे पहिला तुकडा सोडला तर ती सगळी गोधडी काठच. 2002 साली या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि 2006 साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. हे मी ओसरीवर वाचून दाखवलं. आक्कांनी एवढंच विचारलं, “भिंतीवर टांगल्यावर मंग ते पांघरतेत काय?”

आपल्याकडंही गोधडीला मोठा माणूस लाभला होताच. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, कारण अंगावरचं वस्त्रच ठिगळांचं. पण त्यांच्या हातात खराटा होता, त्यामुळे त्यांच्या काठाची चर्चा करायला कुणी समोर फार वेळ उभं राहत नसावं. आमच्या जिल्ह्यात भौगोलिक मानांकन मिळालं ते सीताफळाला, आणि पांघरुणात मिळालं ते सोलापुरी चादरीला. चादरीचं एक बरं असतं. तिचा काठ मागावरच ठरून येतो, ओसरीवर येतो तो वाद मिटवूनच.

अलीकडं मशीनवाला टेम्पोही गावात येतो. भोंग्यावरून ओरडत येतो, जुन्या साड्या आणा, बसल्या जागी गोधडी शिवून न्या. टेम्पोत मशीन, मशीनला जनरेटर. साडी द्यायची, पंधरा-वीस मिनिटं रसवंतीवर बसायचं, गोधडी तयार. मधली नक्षी ठरलेली आणि काठाची पट्टी त्याच्याकडच्या एकाच चॉकलेटी ताग्यातली. गल्लीतल्या सगळ्या घरांत चॉकलेटी काठ आले. पट्टीवाल्यांचा पक्ष विजयी झाला म्हणायला हरकत नव्हती. वाद मिटले, आणि दुपारी बोलायला काही उरलं नाही म्हणून बायांना झोपा यायला लागल्या.

घोळ कळला तो ऊसतोडीच्या हंगामात. आमचा जिल्हा कोयत्यांचा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल फेडायला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून निघतात. कारखाना दाराशी असला तरी बऱ्याच टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, कारण उचल तिकडची घेतलेली असते. ट्रॉलीवर धान्याची पोती, भांडी, कोंबड्या, पोरं आणि सगळ्यांच्या वर गोधड्या. फडाशेजारी पाचटाच्या कोप्या रांगेनं उभ्या राहतात. तिथं गोधडी फक्त पांघरायला नसते. कोपीचं दार तीच, बाळाची झोळी तीच, बाईला न्हायला आडोसा तीच, आणि काठ धरून चार बांबूंना ताणली की मांडवही तीच. उजाडण्याआधी माणसं फडात आणि दुपारी एका तारेवर सगळ्या टोळीच्या गोधड्या वाळत.

संध्याकाळी अंगात ताकद नसते तेव्हा त्या ओळखायच्या कशा? जुन्या गोधड्यांना ही अडचणच नव्हती. लाल कोपरेवाली आपली, उपरण्याच्या पायथ्याची धाकट्या जावेची, खाकी पट्टीवाली मुकादमाच्या भावाची. अंधारात दिसलं नाही तरी बोटांना कळायचं. कुठं इरकलाचा ताठ काठ, कुठं मध्येच टॉवेलची लव. मशीनच्या चॉकलेटी काठांनी एका हंगामात टोळीत इतकी अदलाबदल घडवली की कुणाचं बाळ कुणाच्या गोधडीत निजलं याचा हिशेब लागेना. दुसरं म्हणजे पायथा कळेना. गोधडीचं एक टोक तोंडाकडं असतं आणि दुसरं दिवसभर फडात फिरलेल्या पायांकडं. जुन्या काठाला ही सोय मुद्दाम कुणी केलेली नव्हती. काठ नेहमी पायथ्यालाच कमी पडायचा, लाल तुकडे नेहमी तिथंच लागायचे, म्हणून लाल दिसलं की पाय. चारी बाजूंनी सारख्या, पुरून उरलेल्या चॉकलेटी पट्टीनं ही अक्कल पुसून टाकली. आज जी बाजू पायाला, उद्या ती हनुवटीला. टोळीतल्या एकीनं शेवटी वैतागून पायथ्याला जुनं ब्लाउजपीस फाडून दोन कोपऱ्यांना टाचलं. आठवड्याभरात सगळ्या तारेवर रंगीत कोपरे दिसायला लागले. पुरलेला काठ कुणाचाही असतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. चुकीची गोधडी तोंडावर घेतल्यावर ते कळतं.

ही कीर्ती कशी कोण जाणे पुण्यापर्यंत गेली. आमची एक भाची तिथं नोकरीला असते. तिनं मोठीमायची लाल कोपऱ्यांची गोधडी पाहिली, फोटो काढले, आणि शहरात असल्या गोधड्यांना केवढी किंमत येते ते सांगितलं. आकडा ऐकून आक्कांनी आपलं जांभळं इरकल लगेच घडी करून पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप लावलं. पुढच्या खेपेला भाची नवंकोरं इरकल घेऊन आली. घडी न मोडलेलं, दोन्ही काठ शाबूत. म्हणाली, “मोठीमाय, मला अगदी तशीच पाहिजे. तोच काठ, तेच लाल कोपरे, सगळं तसंच.”

मोठीमायनं लुगडं हातात घेतलं, काठ बोटांमधून फिरवला, पोटावर आडवा टाकून बघितला. 27 फूट, कुठं झिजलेलं नाही. मग तिनं ते घडी करून भाचीच्या मांडीवर परत ठेवलं.

“हे तर पुरतंय माय. असं कसं करू? आधी दहा वरीस नेस, टाचेला झिजू दे. चार फूट कमी पडलं की मंग घेऊन ये.” आणि जरा विचार करून, “तवर सूनबाईकडून कंगोरे करून घे.”